बऱ्याच वर्षांनी सोलापूरला परतताना : काय बदललं, का बदललं आणि काय माहीत असावं

भुईकोट (धागाकर्ता)

नोकरीसाठी परदेशी गेलेली सोलापूरची बरीच मंडळी परतायला लागली आहेत, कुणी आईवडिलांसाठी, कुणी कायमची. त्यांच्या डोक्यातलं शहर साधारण नव्वदच्या दशकातलं असतं. इथं आल्यावर रस्ते दोन दिवसांत कळतात. माणसं आता कशावर जगतात, ते मात्र लवकर उमगत नाही. त्यासाठी हा धागा. ज्याला ज्यातलं नेमकं ठाऊक आहे त्यानं ते लिहावं. आठवणींचे धागे पुष्कळ झालेत, इथं माहिती येऊ द्या.

आधी किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी. उस्मानाबाद जिल्हा २०२३ पासून धाराशिव झाला. विजापूरचं विजयपुरा आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी २०१४ सालीच झालं. बोलताना लोक अजून विजापूरच म्हणतात, पण रेल्वे आणि कर्नाटकच्या एसटीचं आरक्षण नव्या नावानंच शोधावं लागतं. महामार्गांचे आकडेही बदललेत. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा पूर्वीचा ९ नंबर, आता ६५. धुळे-सोलापूर (जुना २११) आणि सोलापूर-विजापूर (जुना १३) हे दोन्ही आता ५२ मध्ये गेले. मुंबईसाठी सिद्धेश्वर आणि पुण्यासाठी हुतात्मा, इंद्रायणी या रेल्वेगाड्या आहेतच. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत धावते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट असेल तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. परतणारा माणूस गिरण्यांची धुराडी शोधतो. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ ची. ती १९६३ मध्येच बंद पडली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल एकामागून एक थांबत गेल्या. ते पाहून "सोलापूर संपलं" असा निष्कर्ष लोक काढतात, आणि तो साफ चुकीचा आहे. गिरणी गेली, पण कापड गेलं नाही. काम एका छपराखालून उठलं आणि हजारो शेडमध्ये, घरांत, गल्ल्यांत पसरलं. ते पसरताना पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, कँटीन आणि युनियनचं कार्यालय यातलं काय बरोबर आलं आणि काय मागं राहिलं, ते पाहिलं की गेल्या तीस वर्षांतलं सोलापूर कळतं. बाकी मॉल आणि उड्डाणपुलांवर मी वेळ घालवणार नाही.

---

ह्यूस्टन ते होटगी

उत्तम धागा. जानेवारीत येणाऱ्यांच्या वतीनं चार प्रश्न टाकतो. खरी सोलापुरी चादर आज कुठली आणि ओळखायची कशी? बंद घर उघडायचं तर पाण्याची सोय काय करावी? आईवडिलांच्या नावचं घर आणि जमीन यांचे कागद कुठल्या क्रमानं हाती घ्यावेत? गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला नेमकं कोणत्या दिवशी काय असतं?

---

ताणाबाणा

चादरीपासून सुरू करतो, कारण तिच्यातच सगळी गोष्ट आहे.

सोलापुरी चादर ही जॅकार्डवर (हवे ते दोरे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणलेली दुपदरी वीण असते. दोन रंगांचं सूत नक्षीच्या जागी वर-खाली अदलाबदल करतं. त्यामुळे पुढून लाल जमिनीवर पांढरं फूल असेल, तर मागून पांढऱ्या जमिनीवर तेच फूल लाल दिसतं. ही पहिली परीक्षा. नक्षी मागून पुसट किंवा कोरी दिसली, तर ती छापलेली आहे. दुसरी परीक्षा काठाची. मागावरचा काठ अखंड असतो, बाणा, म्हणजे आडवा दोरा, तिथून वळून परत आत जातो. कापून शिवलेला काठ दिसला तर विचारा. तिसरी, टोकाच्या दशीतला एक दोरा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर आक्रसतं, त्याची टणक काळी गोळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं. नेहमीचं माप ६० बाय ९० इंच. दुकानदाराला वजन विचारा, माप सगळ्यांचं सारखंच असतं, फरक वजनात पडतो.

पहिल्या दोन धुण्यांना गार पाणी, चादर वेगळी, भिजत ठेवायची नाही. गडद लाल आणि निळा रंग सुटतो तो बहुतेक स्वस्त डायरेक्ट रंगामुळे. असा रंग धाग्याला घट्ट बांधला जात नाही, आणि जादा रंग नीट धुऊन काढलेला नसला की पहिल्या धुण्यात उतरतो. व्हॅट किंवा रिअॅक्टिव्ह रंग टिकतो, पण महाग पडतो. मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. कच्च्या रंगाला त्याचा फारसा उपयोग नाही.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे दुसऱ्या गावात विणलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. बाजारात नाव सर्रास लावलं जातं, म्हणून वरच्या परीक्षा.

आता सामाजिक बाजू. आज पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवर मुख्य माल टॉवेल आणि नॅपकिनचा आहे. चादरीचे माग मागं पडले. याला कारण एक नाही. पॉलिएस्टरची मऊ ब्लँकेटं स्वस्त आली, चादर एकदा घेतली की पंधरा वर्षं जाते, आणि लग्नात चादर देण्याची रीत कमी झाली. टॉवेलला मात्र परदेशातून आणि हॉटेलांकडून मागणी राहिली.

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या दोऱ्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक जमिनीचा, एक लूपचा. जमिनीचा ताणलेला, लूपचा सैल. दोन बाणे फणीनं (बाणा ठोकून बसवणाऱ्या चौकटीनं) विणलेल्या कडेपासून जरा लांब सोडले जातात, तिसऱ्याला फणी पूर्ण मारते. तिन्ही एकदम सरकतात आणि सैल दोरे उभे राहून लूप होतात. लूपच्या बीमचा ताण जरा हलला की एक पट्टा उंच, एक पट्टा बुटका येतो. असा पीस सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो आणि कारखान्यागणिक तो कामगाराच्या मजुरीतून कमी-जास्त कापला जातो. आता हे पाहा : ताण हलायचं कारण बहुतेक वेळा जुना माग, झिजलेला ब्रेक किंवा एकसारखं नसलेलं सूत. तिन्ही गोष्टी मालकाच्या ताब्यातल्या, आणि कापली जाते ती मजुरी. गिरणीत अशा वेळी जॉबरशी (मुकादमाशी) भांडायला युनियनचा प्रतिनिधी असायचा.

मजुरी पीसवर. एका माणसाकडे दोन ते चार माग, पाळी बारा तासांची. वीज गेली की पीस थांबतात, म्हणजे मजुरी थांबते. भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांच्या आस्थापनेला आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) १० कामगारांना लागू. एका आवारात तीन नावांनी तीन शेड का दिसतात, याचं उत्तर पुष्कळदा या आकड्यांत सापडतं. छोट्या मालकाची बाजूही सांगतो : तो स्वतः व्यापाऱ्याकडून सूत घेऊन ठरल्या दरानं विणून देतो. सुताचा भाव, विजेचा दर आणि तयार मालाचा भाव यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. त्याचा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, तर धोट्याचे जुने माग भंगारात विकले जातात, त्या जागी रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचा नवा माग येत नाही.

---

कुंभारीकर

ताणाबाणा यांनी पुरुषांच्या कामाचं लिहिलं. त्याच घरातल्या बाईच्या कामाचं लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पूर्व भागात नवरा मागावर आणि बायको विडीवर, असाच संसार चालायचा.

काम असं : कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा मोजून घ्यायचा. पानं रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची. पान कमी भिजलं तर वळताना फाटतं, जास्त भिजलं तर काळं पडून बुरशी धरतं. मग तंबाखू भरून वळायचं, डोकं दुमडायचं, बूड दोऱ्यानं बांधायचं. २५ विड्यांचा एक कट्टा. हजार विड्यांवर मजुरी ठरते, आणि हजार वळायला सवयीच्या बाईलाही पूर्ण दिवस जातो, तोही घरातली लहान-मोठी हाताशी असतील तर. शाखेत तपासणीला काही विड्या बाद होतात. त्या परत मिळत नाहीत, मजुरीही मिळत नाही. पानं खराब आली तर तूट बाईच्या माथी. पदरची पानं विकत घेऊन हजार पुरे करायचे.

तरी परतून आलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. या धंद्याला स्वतंत्र कायदा होता, १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा. १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरासाठी मदत मिळत होती. ओळखपत्र होतं, फंड होता. घरात बसून काम करणाऱ्या बाईला इतकं संरक्षण फार थोड्या धंद्यांत होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्या निधीचा उपकर रद्द झाला. ज्यांच्या घरी जुनी विडी कामगार बाई आहे त्यांनी तिचं ओळखपत्र, फंडाचा नंबर आणि आधारवरचं नाव एकच आहे का, ते आताच तपासावं. बहुतेक दावे अडकतात ते एवढ्याचसाठी : कारखान्याच्या वहीत तेलुगू धाटणीचं नाव, आधारवर मराठी धाटणीचं, आणि जन्मतारीख अंदाजानं टाकलेली. फंड कार्यालयात संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्ती होते. कारखाना चालू असेपर्यंत सही मिळते. बंद पडल्यावर फार वणवण होते.

घरांचं सांगायलाच हवं. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तिचं हस्तांतरण झालं. त्यानंतर रे नगर, ३०,००० घरांचं. त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. दोन्हींच्या मागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालची कामगार संघटनेची अनेक वर्षांची चळवळ आहे. जगभर कामगारांच्या नशिबी झोपडपट्टी हटवणं येतं. इथं कामगारांनी मागून, लढून, हप्ते भरून घरं घेतली, ही सोलापूरची केवढी मोठी गोष्ट आहे! शहरातल्या भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतून स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावायला मिळालं. पण अंतर मोठं आहे. काम, दवाखाना, कॉलेज शहरात राहिलं, त्यामुळे रिक्षा-बसचा खर्च रोजच्या मजुरीतून जातो. घर मिळाल्यावर काम जवळ कसं न्यायचं, हा पुढचा प्रश्न आहे.

आणि लेकींचं. विडीवाल्या आईची लेक विडी वळत नाही. ती शिवणकामात गेली, नर्सिंगला गेली, दुकानात हिशेबाला बसली. सोलापूर आता शाळेच्या गणवेशांचं मोठं केंद्र आहे. मोसम साधारण फेब्रुवारी ते जून. तेव्हा शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक रात्रीपर्यंत चालतात, नंतर काम पातळ होतं. पगार विडीपेक्षा बरा, पण वर्षभराचा नाही आणि ओळखपत्र कुणाकडेच नाही. आईचा धंदा घाणेरडा म्हणून सोडला तेव्हा आईचा फंडही सुटला. हे मुलींना कुणीतरी सांगायला हवं.

---

नवी पेठ

दोन्ही प्रतिसाद वाचून एका मुद्द्यावर अडलो. गिरणीचा काळ फार न्याय्य होता असा सूर लागतोय, त्याला थोडा विरोध नोंदवतो.

गिरणीत सगळ्यांना सगळीकडे प्रवेश नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातून दोरा तोंडानं ओढावा लागे आणि इतर कामगार तो विटाळ मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न उघडपणे मांडला. विणाईला मजुरी जास्त, म्हणजे जातीनं थेट पगार ठरत होता. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणलेली कुटुंबं तिथं हजेरी देऊन राहत, आणि त्यातली पुष्कळ माणसं गिरण्यांत कामाला जात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. परतून आलेल्यानं गिरणीच्या भोंग्याबद्दल हळवं होण्याआधी सेटलमेंट फ्री कॉलनीतून एक फेरी मारावी आणि तिथल्या शिकलेल्या तिसऱ्या पिढीशी बोलावं.

भाषेचंही. पूर्व भागात तेलुगू, कसब्यात कन्नड, विजापूर वेशीला उर्दू आणि सगळीकडे मराठी, ही घडी अजून आहे. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, आलेल्या पद्मशाली विणकरांच्या चौथ्या-पाचव्या पिढीची मुलं घरी तेलुगू बोलतात, पण लिपी वाचता येणारी कमी होत चालली. शाळा मराठीतून किंवा इंग्रजीतून. बाजारात आजही दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो. तुम्ही मराठीत सुरू करा, पुढचं तो सांभाळून घेतो. ज्या शहरात चार भाषा एका गल्लीत नांदल्या, तिथली मुलं आता एकमेकांशी इंग्रजी माध्यमाच्या हिंदीत बोलू लागली आहेत, हा बदल मला सगळ्यात जास्त लागतो.

---

ताणाबाणा

नवी पेठ, मुद्दा पूर्ण मान्य. जातीची भिंत शेडमध्ये बरीच पडली हे खरंच आहे, कारण पीस कुणी विणला ते व्यापाऱ्याला कळतही नाही. माझं म्हणणं कायद्याच्या छत्रापुरतं होतं. भिंत पडली आणि छप्परही गेलं, असं दोन्ही एकदम झालं.

---

हिप्परगा

पाण्याचं सांगतो. परतणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "उजनी भरलंय ना, मग रोज पाणी का येत नाही?"

उजनी शहरापासून शंभर किलोमीटरहून लांब. पाणी तीन वाटांनी येतं. एक, उजनीहून थेट जलवाहिनी. दोन, भीमेवर टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यातून उपसा. तीन, एकरुख म्हणजे हिप्परग्याचा तलाव, १८७१ चा. यातला औज बंधारा भरायचा तर धरणातून नदीत पाणी सोडावं लागतं. वाटेत ते वाळूत मुरतं, उन्हानं उडतं आणि दोन्ही काठांवर मोटारी लागतात. शहरासाठी जेवढं हवं त्याच्या कितीतरी पट सोडावं तेव्हा कुठं बंधारा भरतो. म्हणून समांतर जलवाहिनीची मागणी इतकी वर्षं झाली. पण जलवाहिनी पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणते. पुढे टाक्यांची साठवण, जुन्या पेठांमधले गंजलेले पाइप आणि १९९२ च्या हद्दवाढीनं एकदम पसरलेलं शहर, ही खरी अडचण. सगळ्या भागांना एका वेळी दाब मिळत नाही, म्हणून पाळी लावतात. धरण काठोकाठ भरलं तरी पाळी तशीच राहते ती याच कारणानं.

हिशेब असा करा. माणशी दिवसाला १३५ लिटर, चार माणसं, म्हणजे ५४० लिटर. दर पाच दिवसांनी एकदा पाणी धरा : २,७०० लिटर. म्हणून जमिनीखाली ३,००० लिटरचा हौद आणि वर १,००० लिटरची टाकी, एवढं चौघांना पुरतं. पाहुणे असतील तर वाढवा.

बंद घर उघडताना क्रम ठेवा. हौद पूर्ण उपसा, ब्रशनं भिंती घासा, गाळ काढा. हौदाचं झाकण अंगणाच्या पातळीपेक्षा निदान सहा इंच वर हवं. रस्ता दरवेळी नवा थर टाकून उंच होतो आणि जुन्या घरांची झाकणं खाली जातात, मग पहिल्या पावसात गटाराचं पाणी आत. पाणी आलं की सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या, कारण रिकाम्या पाइपात बाहेरची घाण शोषली गेलेली असते. नळाला थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय तुमची मोटर ओढते तेव्हा शेजारच्या म्हातारीचा नळ कोरडा पडतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. बोअरचं पाणी जड आहे. त्याची लाइन वेगळी ठेवा. एकाच टाकीत मिसळलं तर गिझरची कॉइल वर्ष-दीड वर्षात पांढरी पडून जाते.

आड आणि सार्वजनिक नळ असताना पाण्याची चणचण गल्लीची होती, भांडण आणि तोडगाही गल्लीचा. आता ज्याच्याकडे हौद आहे त्याला पाळी जाणवत नाही, आणि भाडेकरू वीस लिटरचा जार विकत घेतो. नगरसेवकाकडे गल्ली मिळून जायची ती जाईनाशी झाली याचं हे एक कारण.

---

बे_सोलापूरकर

हिप्परगा काका, बरोबर लिवलाव. पाणी कवा येतंय ते शेजाऱ्यालाच इचारावं लागतंय, कागदावरचं टायमिंग जुळतंच असं न्हाई. भागाच्या व्हॉट्सअॅप गटात नाव घालून घ्या, पाणी सोडलं की मेसेज पडतोय.

---

बाराबंदी

यात्रेचं थोडक्यात. तारखा पाठ करू नका, संक्रांतीवरून मोजा, कारण संक्रांत कधी १४ ला असते, कधी १५ जानेवारीला. भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन : उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून मानाचे सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात आणि शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता, म्हणजे प्रतीकात्मक लग्नसोहळा. संक्रांतीला होम मैदानावर होम. दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम, नंतर कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवून यात्रेची सांगता.

अक्षतेला पोचायचं तर सकाळीच मंदिर परिसरात जा. दुपारी मिरवणूक जवळ आली की सगळे रस्ते बंद होतात. म्हाताऱ्यांना घेऊन जाणार असाल तर यण्णीमज्जनाच्या दिवशी वाटेतल्या एखाद्या लिंगाजवळ थांबा. नंदीध्वज अगदी समोरून जातात, गर्दी थोडी आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणायला मोकळा गळा मिळतो. नंदीध्वज पेलणं ही महिनोन्महिन्यांच्या सरावाची गोष्ट आहे. पेलणाऱ्याला मधेच थांबवून सेल्फी मागू नका. तोल गेला तर काठी खाली येते आणि खालची माणसं जखमी होतात.

---

उतारा सात-बारा

कागदपत्रांचा क्रम. यात परतणाऱ्यांची सर्वात जास्त सुट्टी वाया जाते.

पेठेतलं जुनं घर असेल तर तीन ठिकाणी तीन नोंदी असतात. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत आणि महापालिकेत कर आकारणी. कराची पावती नावावर आहे म्हणजे घर नावावर आहे, असं नाही. आधी मिळकत पत्रिका काढा. त्यावर आजोबांचं नाव असेल तर वडिलांची वारस नोंद राहिली आहे. ती आधी, मग तुमची. मधली पायरी गाळता येत नाही.

हद्दवाढ भागातल्या प्लॉटला मिळकत पत्रिका नसून सात-बारा असू शकतो, आणि त्यावर वीस-पंचवीस नावं सामाईक. तिथं गुंठेवारी (शेतजमिनीचे परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट) नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि मंजूर रेखांकन आहे का, ते पाहा. नसेल तर विकायला, कर्जाला, बांधकाम परवान्याला अडतं. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी या नावानं ओळखले जातात, अर्जावर तसं लिहा.

वारस नोंदीला मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि उतारा. फेरफार नोंद धरली की हरकतीसाठी नोटीस निघते, त्याची मुदत १५ दिवस. म्हणजे तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे सगळं संपत नाही. निघण्याआधीच कुणाकडून तरी अर्ज दाखल करून घ्या.

बहिणींचं नाव गाळू नका. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार आहे. वडील २००५ ला हयात असण्याची अटही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. पूर्वी बहिणीला साडीचोळी देऊन सही घेत. आता बहिणी विचारतात, आणि विचारायलाच हव्यात. तिला स्वखुशीनं सोडायचंच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या स्टँपवरची सही पुढं टिकत नाही.

---

ह्यूस्टन ते होटगी

मुखत्यारपत्र परदेशातून करून आणलं तर चालतं का? आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाला शेतीत वाटा मिळतो का?

---

उतारा सात-बारा

चालतं. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा नोटरी करून अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण घ्या. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बहुतेकांचं इथंच चुकतं : कागद कपाटात राहतो, मुदत जाते. "सर्व अधिकार" असं मोघम लिहू नका. गट क्रमांक, मिळकत क्रमांक आणि काम लिहा : वारस नोंद, मोजणी, कर भरणे. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

भावाला वारसानं शेतजमीन मिळते. विकत मात्र घेता येत नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी. अनिवासी भारतीयालाही शेती, फार्महाऊस विकत घेण्याची परवानगी नाही. आधार कार्डाचं : भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना आल्या आल्या अर्ज करता येतो. ओसीआय असेल तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याची अट आहे. पासपोर्टवर, आधारवर आणि मिळकत पत्रिकेवर नावाचं स्पेलिंग जुळवून घ्या, विशेषतः आडनाव तेलुगू किंवा कन्नड असेल तर. तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी राजपत्रात नावबदल करण्यापर्यंत वेळ येते. त्याआधी "एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र चालतं का, ते संबंधित कार्यालयात लेखी विचारून घ्या.